सातपुड्यात दहा महिने वापरलेले उंच बूट: सोल सुटला, पण माझं भांडण लेसशी

उजव्या बुटाचा सोल तोरणमाळहून खाली उतरताना सुटला. आधी सैल चपलेसारखा पटक-पटक आवाज यायला लागला. वाकून पाहिलं तर टाचेपासून अर्ध्यापर्यंत बुटाने जबडा वासलेला. मेचा शेवटचा आठवडा, पायाखाली तापलेला काळा दगड, मुक्कामाचा पाडा अजून दीड तासावर.

बूट दिवाळीच्या सेलमध्ये 3,149 रुपयांना घेतले होते. घोट्याच्या वर जाणारे, पाच भोकं आणि वर लेस अडकवायचे तीन आकडे असलेले. बाकी मापं-वजनं सगळीकडे सापडतात, ती परत देत नाही. फक्त एक सांगतो, किराणावाल्याच्या काट्यावर एक बूट 640 ग्रॅम भरला, खोक्यावर 580 लिहिलंय. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

वापर किती झाला तेही सांगतो, नाहीतर लोक म्हणतात दोन दिवस घालून लिहिलं. आधी पाय बसावेत म्हणून धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर पाच-सहा चढाया केल्या. मग दिवाळीत अस्तंब्याची यात्रा. अश्वत्थाम्याच्या दर्शनाला निघालेल्या त्या गर्दीत अर्धे लोक साध्या चपलेवर, काही अनवाणी, आणि मी अंतराळवीरासारखा. मग जानेवारीत तोरणमाळच्या आजूबाजूला तीन दिवस पाड्यावरून पाड्यावर, आणि मे महिन्यात तसंच पुन्हा.

या तीन दिवसांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बुटाची खरी परीक्षा तिथे झाली, आणि ती चढावर झाली नाही. सह्याद्रीत गडाच्या पायथ्याशी जेवणा-झोपण्याची सोय करणारी घरं असतात, नेपाळात वाटेवर मुक्कामाची ठिकाणं असतात. सातपुड्यात आम्ही गेलो तिथे असलं बुकिंग वगैरे काही नव्हतं. आश्रमशाळेत शिकवणारा एक मित्र आहे, त्याच्या ओळखीने जायचं. इथल्या पावरा आदिवासींची घरं एकमेकांपासून लांब-लांब, ज्याच्या त्याच्या शेतात. कुडाच्या भिंती, आत गारवा, रात्री मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ. तोरणमाळ साधारण 1,150 मीटरवर आहे. जानेवारीत तिथे रात्री अशी थंडी पडते की धुळ्याच्या माणसाला आपण वेगळ्या राज्यात आलोय असं वाटतं.

आणि वाटेतलं प्रत्येक घर बोलावतं. पाणी प्या, चहा घ्या, जरा बसा. सारवलेल्या ओट्यावर कोण बूट घालून चढणार? म्हणजे बूट काढा. उठताना घाला. शंभर पावलांवर पुढचं घर, मित्राच्या विद्यार्थ्याचं. परत काढा.

जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी मी मोजलं. चौदा वेळा. एका वेळी दोन्ही बूट काढून परत घालायला घड्याळ लावून तीन मिनिटं, म्हणजे दिवसाची बेचाळीस मिनिटं मी ओट्याच्या कडेला वाकून बसलेलो. मित्र सँडलवाला, तो तोवर अर्धा चहा संपवायचा. बूट घेताना मी वीस-पंचवीस परीक्षणं वाचली असतील. पकड, पाणी, वजन, घाम, सगळ्यावर लोक लिहितात. काढ-घाल करायला किती वेळ लागतो हे एकानेही लिहिलेलं नाही. मंदिरात, मशिदीत, घरात, कुठेही जाताना पादत्राणं काढणाऱ्या देशात हे बूट विकतात आणि ही गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही!

वर लेस. गोल, गुळगुळीत, नायलॉनची. दर अर्ध्या तासाला सुटायची. उतारावर तर हटकून. मी कंपनीला पहिली तक्रार सोलची नाही, लेसचीच केली होती, डिसेंबरात. उत्तर आलं, आपला अभिप्राय मोलाचा आहे.

घरी लेकीने उपाय काढला, लवचिक लेस आणि तिला दाबायचा चाप, 90 रुपये. काढ-घाल एका मिनिटावर आली, मी खूश. पण लळिंगच्या उतरणीवर पाय बुटात पुढे सरकून अंगठा आदळत राहिला. आठवड्यात नख काळं, महिन्याने पडलं. परत जुनी लेस ओवली. 90 रुपये गेले ते गेले, चाप आता पिशवीला लावलाय.

आता मे. सोल सुटल्यावर मी तिथेच दगडावर बसलो आणि बॅगेतली सुतळी काढून बूट आवळायला लागलो. सोबत वाटेवरच्या घराचा घरधनी होता, पन्नाशीचा, पायात प्लास्टिकचे बूट. त्याने सुतळी बाजूला केली आणि घरून अंबाडीची दोरी आणली. बुटाला दोन वेढे दिले, एक टाचेखालून, एक चवड्यावरून. ती दोरी शहाद्यापर्यंत टिकली. मग त्याची नजर माझ्या डाव्या, धड असलेल्या बुटाच्या लेसवर गेली. तो हसला.

"दादा, अशी गाठ बैलाला मारली तर सकाळी बैल शोधत फिरायचं."

मी बावन्न वर्षांचा आहे. पाचवीपासून बूट घालतो. त्याने लेस सोडली, पहिली आढी, म्हणजे फासाखालचा वेढा, उलट बाजूने घातली, वरचा फास मला नेहमीसारखाच मारायला लावला. एवढंच. पूर्वी माझ्या फासाचे दोन कान पावलाच्या लांबीत, पुढे-मागे पडायचे. आता आडवे पडले. त्या दिवशी उरलेल्या वाटेवर डावी लेस एकदाही सुटली नाही.

घरी आल्यावर शोधलं तर यावर चक्क संशोधन झालेलं आहे. 2017 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मंडळींनी माणसाला ट्रेडमिलवर धावायला लावून लेसचं चित्रीकरण केलं. पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो, गाठ सैल होते, आणि पाय हवेत फिरताना लेसची मोकळी टोकं तिला ओढत राहतात. हळूहळू सुटत नाही, एकदा सुटायला लागली की काही पावलांत खलास. दोन्ही आढ्या एकाच दिशेने घातल्या तर गाठ कच्ची, उलटसुलट घातल्या तर पक्की. म्हणजे सात महिने मी ज्या लेसला शिव्या घातल्या तिचा अर्धा दोष माझ्या हातांचा. अर्धाच. लेस गुळगुळीत आहे हे माझं म्हणणं कायम आहे, चपटी सुती लेस चुकीच्या गाठीलाही बरीच धरून राहते. आणि चौदा वेळच्या काढ-घालीचं पाप कंपनीच्याच माथी.

सोलची कथा. सोलला एक वर्षाची हमी. फोटो पाठवले, बिल पाठवलं. चार दिवसांनी फोन. पोरगा नम्र होता, पण प्रश्न ठरलेला: "सर, आपण बूट उष्णतेच्या जवळ ठेवले होते का?"

मी म्हटलं, बाबा रे, मी धुळ्यात राहतो. मे महिन्यात पारा 43-44 वर असतो. उष्णतेपासून लांब अशी जागा तू मला जिल्ह्यात दाखव, मी बूट तिथे नेऊन ठेवतो.

त्याचं म्हणणं अगदी खोटं नाही, हे रागात असतानाही कळत होतं. हे बूट शिवलेले नसतात, सोल डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेला असतो, आणि तापला की तो मऊ पडतो. एप्रिलभर बूट पत्र्याच्या गॅलरीत होते, हे मी त्याला सांगितलं नाही. पण ज्या बुटाच्या जाहिरातीत माणूस वाळवंटात उभा आहे त्याला गॅलरी सोसू नये? हमी नाकारली. फार तर पुढच्या खरेदीवर 15 टक्के सूट देऊ म्हणाले. सौ. अहिराणीत म्हणाली, "इतला पैसास्मा चार जोड येतस." तिचा हिशेब बरोबर होता, मी कबूल केलं नाही.

इथपर्यंत जूनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि खाली "घेऊ नका" असं लिहिणार होतो. आता ऑगस्ट आहे आणि मत थोडं हललंय.

झालं असं की मेमध्ये तोरणमाळहून सात पायरीचा घाट उतरून शहाद्याला आलो, तेव्हा धुळ्याच्या गाडीला वेळ होता. स्टँडबाहेरच्या चर्मकार दादांना बूट दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा केला, सोल वाकवून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, बूट भारी शे, पन शिलाईच नही शे." हमीपायी मी त्या दिवशी शिवू दिला नाही, शिवला तर हमी जाईल म्हणून. हमी गेल्यावर जूनमध्ये कामानिमित्त शहाद्याला जाणं झालं तेव्हा दोन्ही बूट पिशवीत घालून त्यांच्याकडेच नेले. मेणलावल्या जाड दोऱ्याने दोन्ही सोल कडेने गोल शिवून दिले, उजव्याला आधी नवीन सोल्यूशन. 160 रुपये. धड असलेला डावाही शिवायला लावला, कारण तोही त्याच गॅलरीत होता.

तेव्हापासून पावसात वापरतोय. सोल जागचा हललेला नाही. चिखलात पकड आहे, आणि घोट्याला जो आधार मिळतो तो सँडलमध्ये नाही, मित्राचा पाय जुलैत मुरगळला तेव्हा हे त्यानेही मानलं. तोटा एकच, शिलाईच्या भोकांतून पाणी येतं. वॉटरप्रूफपणा संपला. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. ओढ्यात गुडघाभर उतरल्यावर वरून भरलेलं पाणी वॉटरप्रूफ बूट बाहेरही जाऊ देत नाही, आता निदान निथळून जातं.

कुणी घेणारच असेल तर एक नंबर मोठा घ्या, उतारावर बोटं वाचतात. एप्रिल-मेमध्ये घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, आमच्याकडे तो माठाशेजारचा आहे आणि त्यावरून रोज बोलणी खातो. पाड्यांमधून जाताना वरचे तीन आकडे मोकळेच सोडा, लेस भोकांपुरती आवळा. सलग उतार लागला की मगच वरपर्यंत बांधा. त्याने तीन मिनिटांची दीड झाली. अजूनही चहा निम्मा गार होतो.

काल कंपनीचा मेसेज आला, अनुभव कसा वाटला, तारे द्या. सोलला दोन दिले. लेसला वेगळे तारे द्यायची सोय नाही. दिवाळीनंतर परत जायचंय, घरधन्याची अंबाडीची दोरी धुऊन ठेवलीय, ती परत करायची आहे.