ल्यूथरची लघु प्रश्नोत्तरी : भय आधी, प्रीती लगेच पाठोपाठ

देवाचं भय धरायचं की त्याच्यावर प्रीती करायची, हा प्रश्न संडे स्कूलच्या वर्गात कधी ना कधी निघतोच. बहुतेक शिक्षक दोन्हींपैकी एक गाळून मोकळे होतात. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची 1529 सालची लघु प्रश्नोत्तरी, म्हणजे स्मॉल कॅटेकिझम, ही पळवाट ठेवत नाही. तिच्यात पहिल्या आज्ञेचं स्पष्टीकरण एका वाक्याचं आहे: सर्वांपेक्षा अधिक देवाचं भय धरावं, त्याच्यावर प्रीती करावी आणि भरवसा ठेवावा. पुढच्या नऊही आज्ञांची स्पष्टीकरणं ‘आपण देवाचं भय धरावं व त्याच्यावर प्रीती करावी, ते असं की...’ अशीच सुरू होतात. घरात किंवा दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात शिकवायला ही पुस्तिका कितपत कामाची आहे, ते पाहू.

मजकूर अगदी थोडा आहे. दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार (क्रीड, म्हणजे विश्वासाची कबुली), प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन. शिवाय सकाळ-संध्याकाळच्या आणि जेवणाच्या प्रार्थना, आणि घरातल्या व समाजातल्या प्रत्येकाच्या कर्तव्यांची वचनं. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या मंडळ्यांची तपासणी करताना खेड्यातल्या लोकांना धर्माचं काहीच ठाऊक नाही आणि कितीतरी पाळकही शिकवायच्या लायकीचे नाहीत, हे ल्यूथरला दिसलं, त्यातून हे काम निघालं. आधी भिंतीवर लावायचे तक्ते छापले, मग पुस्तिका. भागांच्या मथळ्यांत ‘कुटुंबप्रमुखाने घरच्यांना सोप्या रीतीने कसे शिकवावे’ असं म्हटलंय. म्हणजे वस्तू घरासाठी बनली आहे, आणि घरातच ती जास्त चालते. चाळीस मुलांच्या वर्गात तिची पोपटपंची व्हायला वेळ लागत नाही.

खरी कारागिरी आज्ञांच्या स्पष्टीकरणांत आहे. बहुतेक स्पष्टीकरणांचे दोन भाग पडतात: अमुक करू नये, तर उलट तमुक करावं. सातवी आज्ञा घ्या, चोरी करू नको. शेजाऱ्याचा पैसा किंवा माल घेऊ नये, खोट्या मालाने वा खोट्या व्यवहाराने तो आपल्याकडे ओढू नये, एवढ्यावर भागत नाही. त्याचा माल आणि त्याची रोजीरोटी वाढावी, टिकावी म्हणून त्याला मदत करावी, असं पुढे येतं. मापात पाप न करणारा दुकानदार अर्ध्याच आज्ञेत पास होतो. आठवीतही तसंच. खोटी साक्ष, चहाडी, बदनामी नको; शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगलं बोलावं आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा. हे शेवटचं कलम आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत वाचून दाखवावं असं आहे.

आज्ञा संपल्यावर ‘देव या सगळ्या आज्ञांविषयी काय म्हणतो’ असा एक प्रश्न येतो, आणि दोन भागांची किल्ली तिथे आहे. आज्ञा मोडणाऱ्यांना देव शिक्षेची धमकी देतो, म्हणून त्याच्या क्रोधाचं भय धरून आज्ञेविरुद्ध वागू नये. पाळणाऱ्यांना तो कृपेचं आणि आशीर्वादाचं वचन देतो, म्हणून त्याच्यावर प्रीती करावी, भरवसा ठेवावा आणि आनंदाने त्याच्या आज्ञांप्रमाणे वागावं. थोडक्यात, भय हात आवरतं आणि प्रीती हात कामाला लावते. शिकवताना फळ्यावर दोन रकाने करून एकेक स्पष्टीकरण त्यात मांडलं की मुलांना हे न सांगता कळतं. सहावी आज्ञा, व्यभिचार करू नको, मांडताना ‘नको’चा रकाना रिकामा राहतो, कारण तिथे शुद्ध आणि सभ्य जगावं, नवरा-बायकोने एकमेकांवर प्रीती करावी, मान द्यावा, एवढंच आहे. असं का, हे मुलांनाच विचारावं. चर्चा रंगते.

अडचण बायबलातल्या योहानाच्या पहिल्या पत्रात येते. चौथ्या अध्यायाच्या 18व्या वचनात पूर्ण प्रीती भीती घालवून देते असं म्हटलंय. मग ही पुस्तिका दहा वेळा भय का धरायला लावते? प्रश्न रास्त आहे, आणि पुस्तिकेत त्याचं थेट उत्तर नाही. शिकवणाऱ्याने ते स्वतः जवळ ठेवायला हवं. जुनं आणि अजून सरस उत्तर प्राचीन मंडळीतला धर्मगुरू ऑगस्टीन याचं, याच पत्रावरच्या प्रवचनांतलं: शिवताना सुई आधी आत जाते, पण ती बाहेर निघाल्याखेरीज दोरा आत येत नाही, भय ही सुई, प्रीती हा दोरा. पुढे मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी गुलामाचं भय आणि लेकराचं भय असा भेद पक्का केला. गुलाम फटक्याला भितो, लेकरू बापाचं मन मोडायला भितं. योहान जे भय घालवतो ते पहिलं; दुसरं प्रीतीबरोबर वाढतं. मोठ्या मुलांसाठी निर्गम 20:20 उघडावं. तिथे मोशे एकाच दमात लोकांना ‘भिऊ नका’ म्हणतो आणि पाप करू नये म्हणून देवाचं भय तुमच्यापुढे राहावं, असंही सांगतो. जोडीला स्तोत्र 130:4, जिथे क्षमा हेच देवाचं भय धरायचं कारण ठरतं. ही दोन वचनं पुस्तिकेच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहून ठेवावीत.

बिघडतं कुठे? सर्वांत मोठी चूक म्हणजे आज्ञांवर थांबणं. वर्ग सुरू होतो, दहा आज्ञा पाठ होतात, तोवर परीक्षा किंवा सुट्टी येते आणि विश्वासांगीकार राहून जातो. मग मुलाच्या हाती उरतं ते फक्त भय. प्रीती कुठून येते हे आज्ञांमध्ये नाहीच, ते विश्वासांगीकाराच्या पहिल्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे: कपडे आणि जोडे, अन्न आणि पाणी, घरदार, बायको-मुलं, शेत आणि गुरंढोरं हे सगळं देव देतो, माझ्या कसल्याही लायकीवाचून, निव्वळ बापाच्या दयेने. ही यादी वाचताना मुलं हसतात, हसू द्यावं. प्रभूच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला लाडकी मुलं बापाकडे मागतात तसं धीटपणे मागा, असं येतं. तिथपर्यंत पोहोचणं जमणार नसेल तर आज्ञा अर्ध्या वेळात उरका, पण पुढे जा.

दुसरी चूक घरातली. आज्ञांच्या शेवटी येणारं तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतच्या शिक्षेचं वाक्य पाठ झालं की आईबाप भाजी न खाणाऱ्या पोराला तेच ऐकवतात, आणि देवाचा बागुलबुवा होतो. त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग हजारोंवरच्या दयेचा आहे. तीन-चार एकीकडे, हजार दुसरीकडे. हे गणित मुलांना लगेच समजतं, मोठ्यांना जरा वेळ लागतो.

तिसरी चूक सध्याच्या शिक्षकांची. भय नको वाटतं म्हणून ते सरळ गाळायचं आणि ‘देव आपला मित्र’ एवढंच सांगायचं. मग पापकबुलीचा भाग अधांतरी लटकतो. ज्याला कशाचीच धास्ती नाही, त्याला क्षमा मिळाल्याचा आनंद तरी कसला?

प्रस्तावना शिक्षकाने जरूर वाचावी, मुलांना वाचून दाखवू नये. पद्धत तिथे सांगितलीये: शब्द एकदा ठरवा आणि कधीच बदलू नका, नाहीतर नवखे गोंधळतात, आधी पाठ, मग अर्थ, मग सविस्तर शिकवण, एका वेळी एकच आज्ञा घ्या, घाई करू नका, आणि ज्या आज्ञेत तुमचे लोक कच्चे आहेत तिच्यावर जोर द्या, व्यापारी-कारागिरांत सातवी, मुलांत चौथी, म्हणजे आईबापांचा मान राखायची. हे सल्ले आजही जसेच्या तसे लागू पडतात. मात्र शिकायला नकार देणाऱ्यांना आईबापांनी अन्नपाणी देऊ नये, असंही तिथेच आहे. ते सोळाव्या शतकातच राहू द्यावं. गंमत म्हणजे, कोणालाही विश्वासाची किंवा प्रभुभोजनाची सक्ती करू नका, लोक आपण होऊन येतील असं शिकवा, हेही त्याच प्रस्तावनेत सापडतं. भय आणि प्रीती यांची ओढाताण खुद्द लेखकाच्याच लेखणीत चाललेली दिसते.

महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मुलांसाठी एक सूचना. ल्यूथरची आज्ञांची मोजणी रोमन कॅथलिकांसारखी आहे. मूर्तीविषयीचा मजकूर वेगळी आज्ञा धरलेला नाही आणि लोभाच्या दोन आज्ञा केल्या आहेत. त्यामुळे आईबापांचा मान राख ही इथे चौथी, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा प्रेस्बिटेरियन घरातलं मूल तिला पाचवी म्हणतं. वसई-गोव्याच्या कॅथलिक घरांत हा घोळ होत नाही. पहिल्याच दिवशी दोन्ही मोजण्या वहीत शेजारी शेजारी लिहून घ्याव्यात, नाहीतर महिनाभर ‘टीचर, नंबर चुकला’ ऐकावं लागतं.

पर्याय म्हणून 1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी पाहता येईल. 129 प्रश्न, वर्षाच्या 52 रविवारांत वाटलेले. ती जगण्या-मरण्यातल्या एकमेव दिलाशापासून सुरू होते आणि दहा आज्ञा थेट शेवटच्या, कृतज्ञतेच्या भागात येतात. पहिल्या आज्ञेच्या उत्तरातही क्रम प्रीती, भय, मान असा लागतो. धाकाने शिणलेल्या प्रौढांसाठी ती बरी. पण लहान मुलांना एवढी लांब उत्तरं झेपत नाहीत, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाला दिलाशापेक्षा शेजाऱ्याची पेन्सिल परत करायची आज्ञा आधी कळते. त्या वयात ल्यूथरच हवा.

आवृत्ती घेताना नुसता मजकूर असलेली, पातळ घ्यावी. सेंट लुईच्या कॉन्कॉर्डिया प्रकाशनाची 2017 ची इंग्रजी आवृत्ती स्पष्टीकरणासह आहे. ती बरीच जाड होते. शिक्षकाच्या टेबलावर ठीक, मुलाच्या दप्तरात नको. जुनी इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात. मराठीत स्वतः उतरवून घेणार असाल तर आज्ञा आणि प्रार्थना आपल्या मंडळीत म्हणतात त्याच शब्दांत ठेवा. नववी आणि दहावी आज्ञा एकाच बैठकीत घ्या; दोन्हींची स्पष्टीकरणं इतकी जवळची आहेत की वेगवेगळी पाठ करताना मुलं हमखास अदलाबदल करतात.