कोल्हापुरात बिंदू चौकाजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान, आयर्लंडच्या इतिहासाचा नाद असणाऱ्यांसाठी तर लय भारी

बिंदू चौकातनं आत बोळात गेलं की हे दुकान आहे, बोर्ड नाही, बाहेर स्पर्धा परीक्षेच्या गाईडांची चळत दिसली की समजायचं हेच. मी गेलो आणि म्हणालो, काका, रिपब्लिकन काँग्रेसवर काय आहे का? तर त्यांनी आंबेडकरी चळवळीचा गठ्ठाच काढून समोर ठेवला, मग मी सांगितलं की ही आयर्लंडमधली डावी संघटना, १९३४ ची. त्यांनी नंबर लिहून घेतला आणि चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर फोटो, जुनं इंग्रजी पुस्तक, १८० रुपये. एवढ्या आपुलकीनं कोण शोधतंय हो आता.

पुस्तकाचा बाईंड सुटलाय, मधली पानं पिवळी पडलीत, त्यासाठी एक स्टार कमी. पण आतलं वाचून दोन रात्री झोप लागली नाही. पेडर ओ'डॉनेल, फ्रँक रायन, जॉर्ज गिलमोर ही मंडळी आयआरएमधनं (आयरिश रिपब्लिकन आर्मी, ब्रिटिशांविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना) बाहेर पडली आणि एप्रिल १९३४ मध्ये अॅथलोनला ही काँग्रेस उभी केली, का तर नुसता झेंडा बदलून शेतकरी कामगाराचं काय भलं होणार. जूनमध्ये बोडनस्टाउनला वुल्फ टोनच्या (१७९८ च्या उठावाचा नेता) समाधीवर बेलफास्टच्या शँकिल रोडवरचे प्रोटेस्टंट कामगार बॅनर घेऊन आले, तो भाग ब्रिटिशांच्या बाजूचा, म्हणून केवढी मोठी गोष्ट होती ती, आणि आयआरएच्याच लोकांनी त्यांना अडवून बॅनर हिसकावले. हे वाचताना पोटात कालवलं खरंच. मग सप्टेंबरात डब्लिनमधल्या रॅथमाइन्सला अधिवेशन, एका बाजूचं म्हणणं की आत्ताच कामगारांच्या प्रजासत्ताकाची घोषणा द्या, दुसरी बाजू सगळ्यांची आघाडी करू म्हणणारी, मतं पडली ९९ विरुद्ध ८४, आघाडीवाले जिंकले आणि हरलेले उठून गेले. सहा महिन्यांत एवढं सगळं! ज्यांच्या घरात शेकाप आणि लाल बावटा दोन्हींच्या सभांना जाणारी माणसं होती त्यांनी हे पान वाचावंच, आमच्या आजोबांची आठवण आली मला. काँग्रेस पुढं दोनएक वर्षं कशीबशी टिकली, आणि १९३६ च्या डिसेंबरात रायन स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला गेला.

दुकानात दुपारी २ ते ४ जाऊ नका, काका जेवायला घरी जातात. फोनपे चालतंय. मी त्यांना आता सेर एअरावरचं बघायला सांगून आलोय, ती आयर्लंडमधलीच याआधीची डावी संघटना, १९३१ ची, सप्टेंबरात निघाली आणि ऑक्टोबरात बंदी, आणि काकांनी नाव दोनदा विचारून वहीत मराठीत लिहून घेतलंय.