उंच केलेल्या पिकअपसाठी शॉकअप निवडताना: फोम सेलचा अनुभव

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉससारखी पिकअप दोन इंच उंच करून घेतली की तिचे मूळचे शॉकअप फार काळ साथ देत नाहीत, आणि ते बदलायला गेले की दुकानात पहिली चर्चा कंपनीच्या नावाची होते. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात: हौद्यात नेहमी किती वजन असते, आणि चाक पूर्ण खाली लोंबल्यावर व पूर्ण वर दबल्यावर शॉकअपच्या दोन टोकांमध्ये किती अंतर उरते. या दोन्हींची उत्तरे हाती असली, तर कंपनीची निवड पुष्कळ सोपी होते.

माझी गाडी यावल-रावेर पट्ट्यातल्या केळीबागांमध्ये खतांच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्यांची बंडले वाहते, आणि अधूनमधून तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला जाते. एकीकडे काळ्या जमिनीतली चाकोरी, दुसरीकडे सातपुड्यातले दगडगोटे आणि डोक्यावर मे महिन्यातले पंचेचाळीस अंशांकडे झुकणारे ऊन, अशा कामासाठी मी चारही चाकांना ऑस्ट्रेलियन बनावटीचे फोम सेल (आत मोकळ्या वायूऐवजी फोम असलेले) शॉकअप बसवले. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा वापरल्यानंतर माझे मत असे आहे की ओझे वाहणाऱ्या उंच पिकअपसाठी ही निवड योग्य आहे. मात्र जी गाडी बहुतेक वेळ रिकामी धावते, तिच्यासाठी मी ती सुचवणार नाही.

शॉकअपचे काम वजन उचलण्याचे नाही. वजन मागे पाटे उचलतात आणि पुढे कॉइल स्प्रिंग उचलते. शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतो आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. आपल्याकडे अनेक गॅरेजांत मागून बसलेल्या गाडीवर ‘कडक शॉकअप टाका’ हा उपाय सांगितला जातो, तो मुळातच चुकीचा आहे. गाडी ओझ्याने बसत असेल तर आधी पाटे पाहावेत, आणि मग त्या पाट्यांना शोभेल असा शॉकअप घ्यावा.

साध्या ट्विन-ट्यूब, म्हणजे एकात एक दोन नळ्या असलेल्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकाच बाहेरच्या नळीत असतात. खडबडीत रस्त्यावर सतत हलून त्यांचे मिश्रण झाले की तेलाला फेस येतो, आणि घाट संपेपर्यंत गाडी डोलू लागते. फोम सेल हाही ट्विन-ट्यूबच, पण त्यात मोकळ्या वायूच्या जागी बंद पेशींचा फोम असल्याने हे मिश्रण टळते. मोनोट्यूबमध्ये, म्हणजे एकाच नळीच्या शॉकअपमध्ये, नायट्रोजन वायू तरंगत्या पिस्टनने तेलापासून पूर्ण वेगळा ठेवलेला असतो, शिवाय तेलाची नळी थेट हवेच्या संपर्कात असल्याने ती लवकर निवते. बिलस्टीन ५१०० या मोनोट्यूब शॉकअपमध्ये ४६ मिमीचा पिस्टन असतो; ३५ मिमीच्या पिस्टनशी तुलना केली तर त्याचे क्षेत्रफळ जवळपास पावणेदोनपट भरते. निव्वळ गुणवत्तेच्या दृष्टीने मोनोट्यूबच वरचढ आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरीही मी तो घेतला नाही, कारण त्याच्या नळीला दगडाचा खोल पोचा बसला तर आतला पिस्टन तिथेच अडकतो. ट्विन-ट्यूबची बाहेरची नळी चेपली तरी आतली बहुधा शाबूत राहते. ओढ्यानाल्यांतून जाणाऱ्या गाडीच्या मागच्या शॉकअपला हा धोका रोजचा आहे.

लांबीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. मागचा भाग चॅसीवर जॅक लावून उचलावा, चाके पूर्ण लोंबू द्यावीत आणि वरच्या बोल्टाच्या मध्यापासून खालच्या बोल्टाच्या मध्यापर्यंत टेपने माप घ्यावे. मग एक्सल बंपस्टॉपला (चाक वर येण्याची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकल्यावर तेच माप पुन्हा घ्यावे. शॉकअपची पूर्ण उघडी लांबी पहिल्या मापाइतकी किंवा किंचित अधिक हवी, आणि पूर्ण मिटलेली लांबी दुसऱ्यापेक्षा निश्चितच कमी हवी. नाहीतर बंपस्टॉपच्या आधी शॉकअपच आपटतो आणि दांडा तरी वाकतो किंवा चॅसीवरचा, शॉकअप जिथे जोडलेला असतो तो कान तरी तुटतो. मला एका विक्रेत्याने सर्वांत लांब जोडी आग्रहाने सुचवली होती. माप दाखवल्यावर त्यानेच ती परत ठेवली.

पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने नियम उलट आहे. तिथे चाक किती खाली जाईल हे शॉकअपच ठरवतो. तो गरजेपेक्षा लांब असला तर बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट या चाकाजवळच्या सांध्यांवर ताण येतो. मूळचाच शॉकअप ठेवून वर नुसता स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा) दिला तर प्रत्येक खड्ड्यानंतर ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो.

उणिवाही सांगायला हव्यात. रिकाम्या हौद्याने डांबरी रस्त्यावर मागची बाजू लहान सांध्यांवर थडथडते, आणि घरातील वडीलधारी माणसे मागच्या सीटवर असली की ते जाणवतेच. गोण्या भरल्या की तीच गाडी चांगली स्थिर चालते. दांड्यावर वाळलेला काळ्या मातीचा चिखल सील कापतो, म्हणून रबरी आवरण नसेल तर तो पाण्याने भिजवून मऊ कापडाने पुसावा, खरवडू नये. शॉकअप अंगाला किंचित ओलसर दिसणे वेगळे आणि तेलावर फुफाटा बसून खालपर्यंत काळा ओघळ आलेला असणे वेगळे. शंका आली तर खराब रस्त्यावरून परतताच, शक्यतो पहाटे किंवा रात्री, मागच्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावावा: एक कोमट आणि दुसरी थंड लागली तर थंड असलेली कामच करत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, त्यामुळे उंची वाढवण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

बसवून घेताना शेवटचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायला सांगावे. चाके लोंबत असताना आवळले, तर गाडी खाली येताच बुशाचे, म्हणजे बोल्टाभोवतीच्या जोडाचे, रबर पिळलेल्या स्थितीतच राहते आणि लवकर फाटते.