धीट की बुजरा? शेल्टरमधून कुत्रा आणण्याआधी

शेल्टरमध्ये, म्हणजे बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेलं की दोन तऱ्हेची कुत्री दिसतात. जाळीला पुढचे पाय लावून शेपटी हलवणारी, आणि मागच्या भिंतीला अंग चोरून बसलेली. बहुतेक माणसं पहिल्या तऱ्हेचं घेऊन जातात. सांगलीत विश्रामबागच्या आमच्या घरात मी दोन्ही पाळली आहेत. आधी भुऱ्या, तो धीट. वय होऊन तो गेल्यावर सावळी आणली, ती बुजरी. लसी, नसबंदी, खर्च यांत दोघांत फरक नाही, म्हणून ते सोडून देतो. फरक पडतो तो घरात रोज काय घडतं त्यात.

सुरुवातीला धीट कुत्रा सोपा, यात वादच नाही. भुऱ्या आला त्याच संध्याकाळी घरभर हुंगून, ताकभाकरी खाऊन आईच्या पायाशी झोपला. सावळी आली ती थेट दिवाणाखाली गेली. शेल्टरची माणसं सांगतात, तीन दिवस जीव थाऱ्यावर यायला, तीन आठवडे घरची रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. हा ढोबळ अंदाज आहे, सावळीने त्याहून जास्त वेळ घेतला. त्या काळात भांडं दिवाणापासून हातभर लांब ठेवायचं आणि तिच्याकडे पाठ करून जमिनीवर पेपर वाचत बसायचं, एवढंच काम होतं. आधी ती सगळे झोपल्यावर खायची. मग मी खोलीत असतानाही खायला लागली. एका सकाळी पेपरच्या कडेला मागून ओलं नाक लागलं. मी पान उलटलं नाही, तसाच तीच बातमी वाचत राहिलो. ज्याला इतका धीर धरवत नाही, किंवा घरात लहान मुलं आहेत आणि ती दिवाणाखाली हात घालणारच, त्याने धीटच आणावा. कोपऱ्यात अडकलेलं बुजरं कुत्रं घाबरून चावू शकतं आणि त्यात त्याचा दोष नसतो.

बुजऱ्याचा खरा धोका पळून जाण्याचा. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो, आणि मग साधा गळपट्टा कानांवरून निघून हातात येतो. धीट कुत्रा सुटला तर चहाच्या गाड्यावर कुणाच्या तरी पायाशी सापडतो. बुजरा सुटला तर मालकाच्या हाकेलाही थांबत नाही. म्हणून अंगाला नीट बसणारा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), गळ्यात वेगळा पट्टा आणि दोन्हींना स्वतंत्र दोरी, हे पहिले काही महिने सोडू नये. कमी उंचीचं कुंपण असलेल्या बैठ्या घरात तर अंगणातही दोरीशिवाय नको.

सांगलीकरांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा, तो पुराचा. २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की सखल भागातली घरं आवरायला लागतात. धीट कुत्रा माणसांमागोमाग बोटीत चढेल. बुजरा माळ्यावर नाहीतर कॉटखाली शिरेल आणि ऐन वेळी हाती लागणार नाही. तुमचं घर पूररेषेच्या आसपास असेल तर माझं झुकतं माप धीटाला. तरीही बुजराच आणलात, तर पिंजऱ्यात स्वतःहून जाऊन झोपायची सवय उन्हाळ्यातच लावून घ्या. सावळीला ती लागली आहे. पिंजऱ्यावर चादर टाकली की तिला तीच जागा सगळ्यात सुरक्षित वाटते.

इथवर पारडं धीटाकडेच झुकलेलं दिसेल. मला बुजऱ्याकडे वळवलं ते दारावरच्या बेलने.

भुऱ्याला माणसांचं फार वेड होतं. बेल वाजली की तो दारात, आणि दार उघडलं की पुढचे दोन्ही पाय येणाऱ्याच्या छातीवर. दूधवाला, गॅसवाला, हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या काकू, सगळ्यांना तेच स्वागत. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, ती काठी घेऊन चालायची. तो बाहेरून आलेल्याकडे झेपावताना वाटेत ती उभी असेल तर काय, या धास्तीने दिवसातून कितीदा तरी माझा जीव वर व्हायचा. यावरचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड, उडी मारली की पाठ फिरवायची. घरातले आम्ही हे काटेकोर पाळत होतो. पण पाहुणे म्हणायचे, ‘असू दे हो, मुकं जनावर आहे,’ आणि उडी मारलेल्या भुऱ्याचं डोकं दोन्ही हातांनी कुरवाळायचे. दहातल्या एकाने जरी असं केलं तरी कुत्र्याला पुरतं. कधीतरी अचानक मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सगळ्यात चिवट असते. आमच्याकडे माणसांचा राबता मोठा, बेल दिवसभर वाजत असायची. प्रत्येकाला उंबऱ्यातच नियम समजावणं शक्य नव्हतं, आणि ‘कुत्र्याशी बोलू नका’ असं वडीलधाऱ्यांना कोण सांगणार? शेवटी बेल वाजली की आधी भुऱ्याला आतल्या खोलीत कोंडायचं, मग दार उघडायचं, असं सुरू झालं. ज्याला माणसं हवी होती तोच माणसं आली की दाराआड रडत बसायचा. हे मला शेवटपर्यंत लागत राहिलं.

सावळीच्या बाबतीत हा प्रश्नच आला नाही. बेल वाजली की ती उठून आपल्या कोपऱ्यात जाते. पाहुणे विचारतात, ‘कुत्री कुठाय?’ मी म्हणतो, ‘बुजरी आहे, तिची ती येईल.’ ते वाकून एकदा बघतात आणि चहाकडे वळतात. तिचं शिक्षण पाहुण्यांच्या हातात नाही, घरातल्या आम्हा तिघांच्या हातात आहे. आता ओळखीचं माणूस असेल तर ती थोड्या वेळाने येते, लांबून हुंगते आणि आईच्या खुर्चीमागे बसते. आई उठली की ही आधी बाजूला होते, मग मागून चालते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

धीटपणाबद्दल एक समज दूर करतो. माणसांना न घाबरणारा कुत्रा फटाक्यांनाही घाबरणार नाही, असं नसतं. भुऱ्या दिवाळीत आणि विसर्जनाच्या डॉल्बीत सावळीपेक्षा जास्त थरथरायचा. उलट खाण्याच्या बाबतीत बुजऱ्याची थोडी कमी काळजी. आपल्याकडे घरोघरी बेदाण्याचे डबे असतात, आणि बेदाणे किंवा द्राक्षं खाऊन कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. भुऱ्या जमिनीवर पडेल ते गिळायचा. सावळी आधी हुंगते, थांबते, तेवढ्यात उचलून घेता येतं. अर्थात डबा उंचावर हवा तो दोघांसाठीही.

माझ्या अनुभवापुरतं सांगायचं तर, घरात म्हातारं माणूस आहे, राबता आहे आणि पहिले काही महिने शांतपणे द्यायची तयारी आहे, तर मागच्या भिंतीकडे बसलेल्या त्या कुत्र्याकडे पुन्हा एकदा बघा. मात्र पहिल्या भेटीत ठरवू नका. जाळीपाशी तिरकं बसा, डोळ्यांत बघू नका, उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाका आणि थांबा. तुमच्यासमोर खातो का, हे पाहा. भांडं पडल्याचा आवाज झाला तर दचकेलच, पण किती वेळात सावरतो, याकडे लक्ष द्या. पुढच्या भेटीत तुकडा थोडा जवळ टाका. तो बोटभर जरी पुढे सरकला, तरी मी त्याला घरी आणीन. खातच नाही, किंवा दात दाखवतो, तर तिथल्या माणसांना मोकळेपणाने विचारा, ती खरं सांगतात. आणायचाच ठरला तर दिवाळी होऊन जाऊ द्या, आणि तो ज्या पोत्यावर झोपतो ते न धुता मागून आणा.