अ‍ॅरिझोनात हमिंगबर्ड बघायचे: मार्चचं टूसॉन की ऑगस्टमधल्या दऱ्या?

फिनिक्सला लेकाकडे-लेकीकडे येणाऱ्या आईबाबांना आवर्जून दाखवावा असा हा पक्षी. फुलांतला मध पिणारा हा इवलासा पक्षी फक्त अमेरिका खंडांतच सापडतो. आपल्याकडचे शिंजीरही मध पितात, पण ते वेगळ्या कुळातले. दक्षिण अ‍ॅरिझोनात त्याच्यासाठी दोन हंगाम चांगले, आणि दोन्हींची मजा अगदी निराळी. मे-जून मात्र टाळा, जूनमध्ये दक्षिण अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहराचा पारा सर्रास चाळिशी ओलांडतो.

मार्च-एप्रिलमध्ये खरं वाळवंट बघायला मिळतं. ओकोटियो या वाळवंटी झुडपाच्या काटेरी काठ्यांच्या टोकांना लाल-केशरी तुरे आलेले असतात आणि त्यांवर कोस्टाज हमिंगबर्ड येतो. नर जेमतेम तीन ग्रॅमचा. सावलीत बसला की काळपट वाटतो. मान वळवून उन्हात आला की गळा झळझळीत जांभळा होतो आणि दोन्ही बाजूंना लांब मिशा असाव्यात तसं दिसतं. सोबत लहान मुलं असतील तर १९५२ पासूनचं अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम गाठा. तिथल्या हमिंगबर्डच्या जाळीघरात आपल्याला आत जाता येतं आणि पक्षी हातभर अंतरावरून जातात. बंदिस्त पक्षी म्हणून नाक मुरडू नका. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी विणलेलं इवलंसं घरटं जवळून दिसण्याची संधी इथे जास्त. बाहेर मात्र जाती मोजक्याच.

जाती बघायच्या असतील तर जुलैअखेर ते सप्टेंबरची सुरुवात, आणि शहराबाहेरचे डोंगर. पावसाळा सुरू झालेला असतो, फुलं पुन्हा येतात आणि मेक्सिकोतल्या जातींची ही उत्तरेकडची हद्द. हंगामभरात या भागात पंधराएक जाती दिसू शकतात. टूसॉनहून तासाभरावरच्या माडेरा कॅन्यनमध्ये, सुमारे १,५०० मीटर उंचीवर, सँटा रीटा लॉजच्या फीडरसमोर (पक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यांसमोर) नुसतं बसून राहायचं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी याहून सोयीची जागा नाही. लालचुटूक चोचीचा ब्रॉड-बिल्ड, धिप्पाड रिव्होलीज, आणि दक्षिणेकडे निघालेला तांबूस रूफस, जो फीडर अडवून बाकीच्यांना हुसकावत राहतो. पॅटागोनिया गावातलं पेटन सेंटर चुकवू नका: पांढऱ्याशुभ्र पोटाचा, जांभळ्या माथ्याचा व्हायोलेट-क्राउन्ड बघायला लोक लांबून तिथेच येतात. मूळचं हे पेटन दांपत्याचं परसदार, त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं.

माझं मत ऑगस्टच्या बाजूने आहे. वाळवंट पुन्हाही बघता येईल, पण एका सकाळी एकाच बाकावरून पाच-सहा जाती दिसणं अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी शक्य आहे. पहिल्यांदाच येणाऱ्या, मुलाबाळांसह फिरणाऱ्या कुटुंबाला मात्र मी मार्चच सुचवेन.

ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पहाटे निघा, दुपारी विजांचा पाऊस होतो. कोरड्या ओढ्यातून रस्ता जात असेल आणि पाणी वाहताना दिसलं, तर कितीही उथळ वाटलं तरी गाडी घालू नका.