गेटची पेड टेस्ट सिरीज : उन्हाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत वापरून पाहिली

गेट म्हणजे इंजिनिअरिंगनंतर एम.टेक.च्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा, आणि टेस्ट सिरीज म्हणजे तिचे ऑनलाइन सराव पेपर. आधी निकाल सांगतो, मग कारणं. सिरीज घ्यायला हरकत नाही, पण जाहिरातीत जिच्या जोरावर ती विकतात ती 'ऑल इंडिया रँक' हीच तिच्यातली सगळ्यात कुचकामी गोष्ट आहे.

मी मेकॅनिकलचा. जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या कारखान्यात आहे. शिफ्ट बदलत राहते, त्यामुळे क्लास जमणारा नव्हता. गेट 2025 (त्या वर्षी परीक्षा आयआयटी रुरकीकडे होती) जवळजवळ टेस्ट देऊन-देऊनच काढली. जुन्या प्रश्नपत्रिका, एनपीटीईएलच्या (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स देणारा सरकारी उपक्रम) गेट पोर्टलवरचं फुकट साहित्य आणि एक पैसे भरून घेतलेली सिरीज, एवढाच दारूगोळा.

रँकचं आधी उरकतो. त्यात कोण असतं? ज्यांनी ती टेस्ट दिली ते. अर्धे लोक वीस मिनिटांत सोडून उठलेले, काही जण तोच पेपर दुसऱ्या लॉगिनवरून पुन्हा देणारे. माझा ऑफिसातला मित्र दर सोमवारी विचारायचा, "काय भो, रँक किती आली?" चांगली आली की आठवडाभर पुस्तक उघडायची इच्छा होत नसे, वाईट आली तरी तेच. पुढेपुढे मी तो आकडा बघणंच सोडलं.

आता कामाची गोष्ट, कॅल्क्युलेटर. गेटमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवरचा व्हर्च्युअल वापरायचा, तोही माउसने एकेक बटण दाबत. ऑटो सायकलचं, म्हणजे पेट्रोल इंजिनच्या आदर्श चक्राचं, साधं गणित घ्या. कॉम्प्रेशन रेशो 8, गॅमा 1.4, एफिशियन्सी काढा. हातातल्या कॅसिओवर चुटकीसरशी होतं. स्क्रीनवर 8 चा 0.4 घात काढायचा (2.297), त्याचा व्यस्त घ्यायचा, 1 मधून वजा करायचा, 0.565 येतं, आणि यात एक जरी क्लिक हुकली की पहिल्यापासून. शिवाय प्रश्न टक्क्यांत विचारला असेल तर 56.5 टाकायचं, 0.565 टाकलं की शून्य. अशा आकडी उत्तराच्या प्रश्नांना, म्हणजे एनएटीला, पर्याय नसतात, त्यामुळे आपलं उत्तर चुकलंय हे कळायला काही मार्गच नाही. माझ्या सिरीजमध्ये कॅल्क्युलेटर हुबेहूब तसाच होता, आणि नुसत्या त्यासाठी अर्धे पैसे वसूल झाले म्हणेन. डेमोमध्ये कीबोर्डवरून आकडे घेणारा कॅल्क्युलेटर दिसला तर ती सिरीज घेऊच नका, हात चुकीच्या सवयीला लागतो.

दुसरा फायदा, कुठला प्रश्न सोडायचा आणि कुठला नाही या सवयीचा. 65 प्रश्न, 100 गुण, 3 तास. पर्यायांतून एकच निवडायच्या प्रश्नात चुकलं तर 1 गुणाला एक तृतीयांश आणि 2 गुणांना दोन तृतीयांश कापतात. एनएटी आणि एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकणाऱ्या एमएसक्यूला निगेटिव्ह नाही. म्हणजे एनएटी कोरा ठेवण्यात काही अर्थ नाही, काहीतरी टाकायचंच. एमएसक्यूला मात्र अर्धवट उत्तराचे अर्धे गुण मिळत नाहीत. हे नियम वाचून सगळ्यांना पाठ असतात, पण शेवटच्या दहा मिनिटांत आठवत नाहीत. पुन्हापुन्हा पूर्ण तीन तास बसलं की आठवायला लागतात. जनरल ॲप्टिट्यूडचे 15 गुण आधी उरकायचे की शेवटी, हेही बसूनच ठरतं. मी आधी उरकतो.

आता तक्रारी. उत्तरसूची भरवशाची नाही. उष्णतेच्या रेडिएशनच्या एका गणितात सोडवणाऱ्याने तापमान केल्विनमध्ये न घेता थेट सेल्सिअसचा चौथा घात केला होता! कळवलं, तर 'टीमकडे पाठवलं आहे' एवढं उत्तर आलं; मुदत संपेपर्यंत तो प्रश्न तसाच होता. शिवाय पेपर विनाकारण अवघड. खऱ्या परीक्षेत दोन पायऱ्यांत संपतं तिथे हे पाच पायऱ्या घालतात. लांबलचक गणित म्हणजे दर्जेदार गणित, हा कुणाचा समज आहे कळत नाही. सिरीजच्या पेपरांपेक्षा मला खऱ्या पेपरात जास्त गुण पडले, त्याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही, या फुकटच्या अवघडपणालाच.

म्हणून क्रम असा ठेवा: दिवाळीपर्यंत फक्त जुने पेपर, घड्याळ लावून. ते आणि त्यांच्या अधिकृत उत्तरसूची फुकट मिळतात. सिरीज त्यानंतर. मी ती मे महिन्यातच घेतली होती. जळगावचा मे तुम्हाला माहीत आहे, पत्र्याच्या खोलीत दुपारी लॅपटॉपसुद्धा दमतो. तेव्हा मी विषयवार छोट्या टेस्ट दिल्या, त्या ठीक होत्या, पण त्याच जुन्या पेपरांतून झाल्या असत्या. पूर्ण टेस्ट सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेबारा द्या, परीक्षेचं सकाळचं सत्र तेच असतं. भरिताच्या पार्टीचं आवतन असेल तर त्यानंतर जा. तपासणी संध्याकाळी केली तरी चालते, दुसऱ्या दिवसावर ढकलली की होत नाही.

लाईट गेली तरी यांचं घड्याळ थांबत नाही. लॅपटॉपची बॅटरी धड हवी आणि मोबाईलचा हॉटस्पॉट हाताशी. आणि दोघांत मिळून एकच सिरीज घ्यायचा बेत असेल तर सोडून द्या, एका वेळी एकच लॉगिन चालतं. भुसावळच्या मित्राने लॉगिन केलं की इकडे माझा पेपर बंद.