बेटावरच्या बंदराचे टाइल-भित्तिचित्र: पाणी अप्रतिम, आकाश जेमतेम

माडांनी वेढलेले बेट, निळेशार पाणी आणि धक्क्याला लागलेली शिडाची गलबते हा सिरॅमिक टाइल्सवरील चित्रांचा फार लोकप्रिय विषय आहे, आणि कदाचित म्हणूनच तो बहुतेक वेळा बेफिकिरीने हाताळला जातो. एखादे पर्यटनाचे छायाचित्र घ्यायचे, त्याचे चौकोन पाडायचे आणि ते टाइल्सवर उमटवायचे, एवढ्यावर काम उरकले जाते. ज्या भित्तिचित्राविषयी येथे लिहीत आहे ते मात्र या वाटेने गेलेले नाही. प्रत्येकी 15 सेंटिमीटरच्या 24 टाइल्स, आडव्या सहा आणि उभ्या चार, अशा मांडणीतील हे 90 बाय 60 सेंटिमीटरचे चित्र हाताने रंगवून भट्टीत भाजलेले आहे. त्यात उणिवा आहेत, त्यांतील एक चांगलीच डोळ्यांत भरणारी आहे. तरीही ते घेण्याजोगे आहे असे माझे मत आहे.

चित्रात डावीकडे गर्द झाडीची टेकडी आणि तिच्या पायथ्याशी पांढऱ्या भिंतींची, लाल कौलांची घरे आहेत. मध्यभागी अर्धवर्तुळाकार बंदर आहे. उजवीकडे लाकडी धक्का असून त्याच्या टोकाशी दोन डोलकाठ्यांचे गलबत शिडे गुंडाळून उभे आहे. ही मांडणी कोणालाही सुचेल अशीच आहे. चित्रकाराची जाण दिसते ती तपशिलात. नांगरलेल्या सर्व होड्यांची नाळ, म्हणजे पुढचे टोक, एकाच दिशेला आहे, कारण नांगरावर असलेली होडी वाऱ्याकडे तोंड करून वळते, आणि टेकडीवरच्या माडांच्या झावळ्याही नेमक्या त्याच वाऱ्याने कललेल्या आहेत. बंदराच्या तोंडाशी प्रवाळखडकावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ आहे आणि त्या रेघेत एकच खिंडार आहे. ते खिंडार टेकडीवरून उतरणाऱ्या ओढ्याच्या अगदी समोर येते. गोडे पाणी आणि गाळ जेथे समुद्रात मिसळतो तेथे प्रवाळ नीट वाढत नाही, त्यामुळे अशा बेटांवर जहाजांची वाट पुष्कळदा नदीच्या किंवा ओढ्याच्या मुखासमोरच सापडते. हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच हे बंदर काढले आहे, आणि त्यामुळे ते कल्पनेतले असूनही खोटे वाटत नाही.

आता पाण्याविषयी, कारण या चित्राचा खरा ऐवज तेथेच आहे. उष्ण कटिबंधातील उथळ पाणी पिरोजी दिसते, कारण पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि तळाची पांढरी वाळू उरलेला निळा-हिरवा प्रकाश परत पाठवते. खोली वाढली की हा परतीचा प्रकाश कमी होतो आणि रंग गडद निळ्याकडे झुकतो. टाइलवरील पारदर्शक झिलईत, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपातही, काहीसे असेच घडते. प्रकाश रंगीत काचेसारख्या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या मातीवरून परततो आणि थर जितका जाड तितका रंग गहिरा दिसतो. येथे किनाऱ्याजवळच्या पाण्यासाठी तांब्याचे ऑक्साइड वापरलेले दिसते. क्षारयुक्त झिलईत ते पिरोजी रंग देते, तर शिशाच्या झिलईत हिरवा. बाहेरच्या खोल समुद्राला कोबाल्ट आहे, ज्याचे प्रमाण झिलईत एक टक्क्याहून कमी असले तरी निळा रंग भरगच्च येतो. या दोहोंच्या सीमेवर झिलई भट्टीत वितळून एकमेकींत उतरली आहे. धक्क्याच्या खांबांजवळची टाइल तिरप्या उजेडात पाहिली की खांबाभोवती झिलई किंचित साचून जाड झालेली दिसते आणि तेथे पाण्याचा रंग एक छटा उतरतो. ही सावली कुंचल्याने काढलेली नाही, ती वितळलेल्या काचेने स्वतःच घडवली आहे. छापील टाइलमध्ये हे कधीच मिळणार नाही.

होड्या, घरे आणि धक्का यांच्या कडा मात्र स्वच्छ राहिल्या आहेत, कारण तेथे क्वेर्दा सेका हे जुने तंत्र वापरले आहे. मँगॅनीजची पूड तेलकट पदार्थात कालवून त्याने रेषा काढतात. पाण्यात कालवलेली झिलई त्या रेषेला चिकटत नाही, म्हणून शेजारशेजारचे रंग मिसळत नाहीत. भाजताना तेल जळून जाते आणि मागे काळसर, खरखरीत रेघ उरते. बोट फिरवले तर ती चटकन जाणवते. कोठे रेषेने रंग अडवायचे आणि कोठे त्यांना मोकळे वाहू द्यायचे, याचा निर्णय या चित्रात फार समजून घेतलेला आहे.

टाइल-चित्राची दुसरी कसोटी म्हणजे सांधे. टाइल्सच्या मधल्या रेघा चित्रावर जाळी टाकणारच. त्या कोठे पडाव्यात हे मात्र चित्रकाराच्या हातात असते. येथे क्षितिज सांध्यावर न येता वरून दुसऱ्या ओळीच्या आत आले आहे, अन्यथा आकाश आणि समुद्र यांच्यामध्ये ग्राउटची, म्हणजे सांधे भरण्याच्या मिश्रणाची, पट्टी दिसली असती. गलबताच्या दोन्ही डोलकाठ्या टाइलच्या मध्यभागी आहेत. धक्क्यावरची माणसे बोटभर उंचीची आहेत आणि त्यांतील एकही सांध्यावर कापले गेलेले नाही. लिस्बनच्या राष्ट्रीय टाइल संग्रहालयात 1700 च्या सुमारास रंगवलेला, सुमारे 23 मीटर लांबीचा नदीकाठच्या शहराचा देखावा आहे. 1755 च्या भूकंपापूर्वीचे लिस्बन त्यात दिसते. तो पाहताना शेकडो सांधे समोर असूनही नजर त्यांच्यावर अडखळत नाही. एवढ्या मोठ्या कामाशी या लहान चित्राची बरोबरी करण्याचा हेतू नाही, पण शिस्त तीच आहे.

उणीव आकाशात आहे. वरच्या ओळीतील सहा टाइल्सच्या निळसर पांढऱ्या रंगात फरक आहे. डावीकडून तिसरी टाइल शेजारच्या टाइल्सपेक्षा स्पष्टपणे करडी दिसते. भट्टीत सगळीकडे उष्णता सारखी नसते, आणि झिलईच्या जाडीतही थोडाफार फरक राहतो. हीच विषमता पाण्यात खोली निर्माण करते, कारण समुद्राचा रंग मुळातच जागोजागी बदलतो; स्वच्छ आकाशात मात्र ती डागासारखी दिसते. चित्रकाराने तेथे ढगांची एखादी रांग घेतली असती तर हा दोष दिसलाच नसता. टेकडीवरचा फुललेला गुलमोहरही मला अपुरा वाटला. गुलमोहर हा मूळचा मादागास्करचा, म्हणजे बेटावरचा वृक्ष, तेव्हा त्याची निवड योग्यच आहे; पण त्याचा फुलोरा विटकरी झाला आहे. भट्टीत टिकणारा भडक लाल रंग मिळवणे कुंभारकामात नेहमीच अवघड राहिले आहे. तुर्कस्तानातील इझनिकच्या कारागिरांनी 16 व्या शतकाच्या मध्यास लोहयुक्त मातीचा जाड, उठावदार थर देऊन तो साधला होता. येथे लोहाचा रंग पातळ लावला गेला आहे. कौलांना तो शोभतो, गुलमोहराला नाही.

असे चित्र घेणाऱ्याने आधी ते खरोखर भाजलेले आहे का, हे तपासावे. बाजारात 'सिरॅमिक म्युरल' या नावाने विकली जाणारी पुष्कळ चित्रे सब्लिमेशनची असतात. त्यांत टाइलवरच्या प्लास्टिकसारख्या लेपात साधारण 200 अंश सेल्सियस तापमानाला रंग उतरवलेला असतो. तो लेप घासणीने ओरखडतो आणि उन्हात रंग उडतो. डिजिटल इंकजेटने छापून नंतर भाजलेल्या टाइल्स याहून वेगळ्या. त्यांचा रंग टिकतो, पण भिंगातून पाहिल्यास त्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. हाताने रंगवलेल्या टाइलवर ठिपके नसतात, कुंचल्याची धाव आणि झिलईचा उंचसखलपणा असतो. विक्रेत्याकडे एक सुटी टाइल मागून ती उजेडात तिरपी धरणे, हा सर्वांत सोपा उपाय आहे.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल मी पूर्ण समाधानी नाही. प्रत्येक टाइलच्या मागे क्रमांक होता आणि मांडणीचा नकाशाही सोबत होता, ही बाब चांगली. परंतु कोपऱ्यातील एक टाइल फुटून आली आणि बदली टाइल नव्या भट्टीतली असल्यामुळे तिचा पिरोजी रंग मूळ चित्राशी जुळत नाही. हा दोष चित्रकाराचा नाही, कारण दोन भाजण्यांचा रंग तंतोतंत सारखा येणे दुर्मीळच. म्हणूनच मागणी नोंदवतानाच निदान पाण्याच्या आणि काठाच्या दोन-तीन टाइल्स त्याच भाजणीत जादा करून मागाव्यात आणि तसे लेखी घ्यावे.

बसवताना आधी सर्व टाइल्स जमिनीवर कोरड्या मांडून पाहाव्यात. हाताने केलेल्या टाइल्सच्या मापात एखाद्या मिलिमीटरचा फरक असतो, त्यामुळे सांधा दोन मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये. पांढरे ग्राउट येथे मुळीच चालणार नाही. गडद समुद्रावर त्याची जाळी उठून दिसते. निळसर करड्या रंगाचे ग्राउट पाण्यात विरून जाते आणि आकाशातही फारसे खुपत नाही. भाजलेल्या मातीच्या या टाइल्स सच्छिद्र असतात, म्हणून जेथे पाणी गोठते अशा हवामानात त्या उघड्यावर लावू नयेत. स्वच्छतेसाठी सौम्य साबण आणि ओले फडके पुरेसे आहे. आम्लयुक्त क्लीनरने सिमेंटचे ग्राउट झिजते आणि कमी तापमानाला भाजलेली तांब्याची झिलईही निस्तेज होऊ शकते, तेव्हा बसवून झाल्यावर सिमेंटचे डाग काढण्यासाठी कारागीर आम्ल वापरणार असेल तर त्याला आधीच थांबवावे.